व्यायामाच्या पैजेचं ॲप कसं बांधायचं: बडोद्यातल्या एका गटापासून सुरुवात

व्यायामाची पैज लावणारं ॲप बांधायचं म्हटलं की बहुतेक जण थेट स्क्रीन रंगवायला बसतात. त्याआधी दोन गोष्टी कागदावर पक्क्या व्हायला हव्यात: पैज कशाची लावायची आणि हरणाऱ्याने काय करायचं. या दोन्ही नीट ठरल्या तर ओबडधोबड ॲपसुद्धा लोक मनापासून वापरतात. चार-सहा मित्र, शेजारी किंवा एकाच घरातली माणसं अशा बडोद्यातल्या एखाद्या गटासाठी ज्याला ॲप बांधायचं आहे, त्याच्यासाठी हा लेख आहे. थोडंफार प्रोग्रामिंग येतं, असं धरून चाललो आहे.

पैसे ॲपच्या बाहेर ठेवा

ॲपमधून एक रुपयाही इकडून तिकडे जाता कामा नये, हे माझं सगळ्यात ठाम मत आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, म्हणजे जिंकलेले पैसे कोर्टात जाऊन मागता येत नाहीत. गुजरातेत 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात आता केंद्राच्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याची भर पडली आहे, त्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे किंवा पैशासारखी दुसरी कुठलीही वस्तू लावून, बदल्यात काही मिळण्याच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ या कायद्याने बंद केला, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. विकत घेतलेली नाणी आणि टोकनही पैशातच मोजली जातात. चालण्याच्या पैजेला ‘खेळ’ म्हणता येईल का, यावर वकील वाद घालतील. आपल्याला त्या वादात पडायची गरजच नाही, कारण या ॲपचं काम पैशावाचून अडत नाही.

मग हरणाऱ्याने काय करायचं? काम. रविवारी सकाळी गटातल्या सगळ्यांना फोन करून उठवायचं. गणपतीत आरतीची तयारी एकट्याने करायची. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बनवून सगळ्यांना पाठवायचं. ॲपमध्ये अशा दहा-बारा कामांची तयार यादी द्या आणि गटाला त्यातूनच निवडू द्या. मोकळी जागा दिलीत की दुसऱ्याच आठवड्यात कोणीतरी तिथे रक्कम लिहील. सेव-उसळ कोणी खिलवायची हे मित्रांनी आपसांत ठरवावं, ॲपने त्यात पडू नये.

यादीतून दोन प्रकार मुद्दाम वगळा. एक म्हणजे शिक्षा म्हणून जादा व्यायाम: ‘हरलास, आता पन्नास बैठका मार’ म्हटलं की माणसाच्या मनात व्यायाम आणि शिक्षा एक होतात, आणि आपल्याला नेमकं उलट हवं आहे. दुसरा म्हणजे चारचौघांत लाज वाटेल असं काही. गटात मावशी असतील, नवी सून असेल, नुकताच रुजू झालेला सहकारी असेल. त्यांना नको म्हणायलाही संकोच वाटतो.

पैज कृतीवर, वजनावर कधीच नाही

‘महिन्यात चार किलो’ ही पैज ॲपने स्वीकारूच नये. वजन पाण्याने, मिठाने, पाळीने आणि वजनकाट्यानेही खाली-वर होतं, आणि शेवटच्या दोन दिवसांत माणसं उपाशी राहतात. कृती मात्र आपल्या हातात असते: आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, त्यामुळे पाच गुणिले तीस हा आकडा सुरुवातीला ठेवायला चांगला. ज्याला तेवढं झेपत नाही त्याला तीन दिवस घेऊ द्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरांना विचारून ध्येय ठरवावं, हे वाक्य नोंदणीच्या स्क्रीनवर ठळक हवं.

प्रत्येकाची पैज स्वतःच्या ध्येयाशी असावी. काकूंचे चार दिवस आणि पुतण्याचे सहा दिवस यांची तुलना करायची नाही. ज्याने आपला शब्द पाळला तो जिंकला, सगळ्यांनी पाळला तर सगळेच जिंकले. पावलांची क्रमवारी लावणारी स्क्रीन करायचा मोह होईल, तो टाळा. क्रमवारीत एकच माणूस वर राहतो आणि खालचे दोघं ॲप उघडायचं सोडतात, मुळात ॲप हवं असतं ते या खालच्या दोघांसाठी.

गुणांची रचना कशी करायची, याला चांगला आधार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास 2016 साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. रोज 7000 पावलांचं ध्येय, 281 माणसं, चार गट. एका गटाला ध्येय गाठलं की रोज 1.40 डॉलर मिळायचे. दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच 42 डॉलर जमा करून, चुकलेल्या दिवशी त्यातून 1.40 वजा व्हायचे. तिसऱ्या गटाला सोडतीची आशा होती आणि चौथ्याला काहीच नव्हतं. काहीच न मिळणाऱ्या गटाने सुमारे 30 टक्के दिवस ध्येय गाठलं, बक्षीसवाल्यांनी 35, आणि ज्यांच्या नावावरून पैसे कापले जात होते त्यांनी 45 टक्के. म्हणून सोमवारी प्रत्येकाच्या खात्यात दहा गुण आधीच टाका आणि ठरलेला दिवस चुकला की दोन काढा. हे गुण विकत मिळत नाहीत, कशात बदलता येत नाहीत, महिना संपला की पुसले जातात. त्याच अभ्यासात तेरा आठवड्यांनी पैसे थांबले तेव्हा गटांमधला फरक उरला नाही, हेही लक्षात ठेवा. पैज माणसाला घराबाहेर काढते, तिथे टिकवून धरायला सोबतची माणसंच लागतात.

आपल्या गावाला ही सोबत नवी नाही. प्रो. माणिकराव आणि त्यांची तालीम जुम्मादादा व्यायाम मंदिर ही नावं बडोद्याच्या मराठी घरांत आजही आदराने घेतली जातात. तालमीत जाणाऱ्याची गैरहजेरी लपत नाही. दुसऱ्या दिवशी कोणी ना कोणी विचारतंच, ‘काल कुठे होतास?’ हा प्रश्न योग्य वेळी, योग्य माणसाकडून विचारला जावा, यासाठीच हे ॲप.

कोड लिहिण्याआधी दोन आठवडे

व्हॉट्सॲपवर गट करा आणि एक स्प्रेडशीट उघडा. सहा माणसांची सहा ध्येयं लिहून घ्या. रोज ज्याने व्यायाम केला त्याने एक ओळ टाकायची: ‘कमाटीबाग, 35 मिनिटं’. रविवारी रात्री तुम्ही हाताने हिशोब करायचा. त्यातून ॲपचे खरे नियम सापडतील. कोणीतरी विचारेल, ‘ऑफिसचे जिने चढलो ते धरायचे का?’ कोणी रविवारी एकाच दिवशी तीन दिवसांचं उरकू पाहील, कोणाला ताप येईल. प्रत्येक प्रश्न आणि गटाने दिलेलं उत्तर लिहून ठेवा. हीच तुमची नियमावली.

माझ्या मते काही नियम पहिल्यापासूनच असावेत. दिवसाला एकच नोंद धरली जाईल, म्हणजे राहिलेलं एकदम उरकण्याच्या नादात कोणी गुडघा दुखवून घेणार नाही. आठवडा सुरू झाल्यावर करार, म्हणजे त्या आठवड्याचं ध्येय आणि हरल्यास करायचं काम, बदलणार नाही, बदल पुढच्या सोमवारपासून. महिन्याला दोन रजा मिळतील आणि त्यांचं कारण कोणीही विचारणार नाही. गावच थांबलं तर सगळ्या गटाला एकत्र विराम घेता यावा. उत्तरायणात 14 आणि 15 जानेवारीला बडोदं गच्चीवर असतं. ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा कित्येक वस्त्यांत घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. अशा आठवड्यात ॲप ‘आज तुमचा दिवस चुकला’ म्हणत राहिलं तर माणसं ते कायमचं काढून टाकतील आणि तो राग रास्त असेल.

पुरावा किती मागायचा

पावलांवर सगळं उभं करणं सोपं वाटतं. पण सूर्यनमस्कार, मल्लखांब, पोहणं आणि जोर-बैठका पावलांत मोजता येत नाहीत. नवरात्रीत तर हा प्रश्न रोज रात्री उभा राहतो. गरब्यात दोन-दोन तास घाम गाळणाऱ्या मुलीचा फोन पिशवीत असतो आणि पिशवी मैदानाच्या कडेला आईजवळ. फोनच्या लेखी ती मुलगी बसून आहे. म्हणून मूळ माप मिनिटांचं ठेवा आणि पुरावा तीन वाटांनी येऊ द्या.

पहिली वाट आपोआप येणाऱ्या नोंदींची. व्यायामाच्या नोंदी एका जागी ठेवणारी सोय अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट, आयफोनवर हेल्थकिट. अँड्रॉइड 14 पासून हेल्थ कनेक्ट फोनमध्येच असतं, त्याआधीच्या फोनवर प्ले स्टोअरमधून घ्यावं लागतं. घड्याळाची ॲप्स त्यात नोंदी टाकतात आणि तुमचं ॲप परवानगी घेऊन त्या वाचतं. इथे दोन खाचखळगे आहेत. फोन आणि घड्याळ दोन्ही पावलं मोजतात, तेव्हा सुट्या नोंदींची बेरीज केली तर आकडा दुप्पट होऊ शकतो. हेल्थ कनेक्टची एकत्रित बेरीज देणारी सोय वापरा, ती दुहेरी नोंदी वगळते. दुसरं म्हणजे, प्रत्येक व्यायाम-नोंदीसोबत ती आपोआप झाली की हाताने भरली, याची खूण येऊ शकते. हाताने भरलेली नोंद नाकारू नका, तिसऱ्या वाटेकडे पाठवा.

दुसरी वाट ॲपमधल्या घड्याळाची: सुरू, थांबवा, संपलं. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ सर्व्हरने टाकावी, कारण फोनचं घड्याळ कोणीही मागे-पुढे करू शकतं.

तिसरी वाट साक्षीदाराची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. माणूस लिहितो, ‘गरबा, 90 मिनिटं’. गटातल्या एकाला ती नोंद दिसते, त्याच्याकडे चोवीस तास असतात. तो काही बोलला नाही तर नोंद मंजूर. शंका वाटली तर ‘जरा सांग ना’ असं एक बटण, त्याने दोघांच्या गप्पांची खिडकी उघडते. गप्प राहणं म्हणजे होकार, हा नियम महत्त्वाचा आहे. रोज मित्राला मंजुरी द्यायला लावलं तर तो कारकून होतो, आणि नाकारायला लावलं तर मैत्रीत गाठ पडते. साक्षीदार दर आठवड्याला बदला. फोटोची सक्ती करू नका, बायका आणि वयस्कर माणसं तिथेच थांबतात.

दिवस पहाटे तीनला बदला

हा भाग छोटा दिसतो, पण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे आहोत. दिवस यूटीसीप्रमाणे मोजलात तर बडोद्यात तो सकाळी साडेपाचला बदलेल, आणि पहाटे पाचला कमाटीबागेत फेऱ्या मारणाऱ्या आजोबांची आजची नोंद कालच्या खात्यात जाईल. भारतीय वेळेने मध्यरात्री बदललात तर सव्वाबाराला गरब्यातून आल्यावर नोंद करणाऱ्याचा दिवस चुकेल. पहाटे तीन ही वेळ दोघांनाही सोयीची पडते. नोंद साठवताना वेळ यूटीसीमध्येच ठेवा, शेजारी ‘हिशोबाची तारीख’ असा वेगळा रकाना करा आणि ती तारीख सर्व्हरवरच काढा: भारतीय वेळेतून तीन तास वजा करून जी येईल ती.

आता आठवडा संपतो सोमवारी पहाटे तीनला. शेवटच्या नोंदीच्या साक्षीदाराचे चोवीस तास धरले की मंगळवारी पहाटे तीन होतात, म्हणून निकाल मंगळवारी सकाळी सातला लावा. रात्री उशिरा जोडलेल्या घड्याळांचा डेटाही तोवर पोचलेला असतो.

आतली रचना

पहिल्या आवृत्तीला फ्लटर आणि फायरबेस (गूगलची तयार सर्व्हर-सेवा) पुरे. फ्लटरमुळे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही होतात, आणि फायरबेसचा डेटाबेस असलेल्या फायरस्टोअरच्या मोफत मर्यादेत, म्हणजे दिवसाला 50,000 वाचनं आणि 20,000 लेखनांत, असे कितीतरी गट आरामात बसतात. डेटाबेसचं ठिकाण मुंबई निवडा, ते नंतर बदलता येत नाही. सर्व्हरवरची फंक्शन्स चालवायला वापरानुसार पैसे देण्याची योजना घ्यावी लागते, तेव्हा खर्चाची सूचना पहिल्याच दिवशी लावून ठेवा. ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात, म्हणून सुरुवातीला गूगल खात्याने प्रवेश द्या.

डेटाबेसमध्ये संग्रह (कलेक्शन) पाच: गट, सदस्य, करार, नोंद, निकाल. करारात माणूस, आठवडा, किती दिवस, किती मिनिटं आणि हरल्यास कोणतं काम, एवढंच. नोंद एकदा लिहिली की खोडायची नाही. दुरुस्ती हवी असेल तर ती रद्द करणारी दुसरी नोंद टाका, वाण्याच्या चोपडीत असतं तसं. वाद झाला तर सगळा इतिहास समोर असतो.

सुरक्षेचे नियम नीट लिहा, नाहीतर जरा हुशार पुतण्या स्वतःचा निकाल स्वतःच लिहील. सदस्याला फक्त आपल्या नावाची नोंद तयार करता यावी, आपल्याच गटाच्या नोंदी वाचता याव्यात, आणि निकालाच्या संग्रहात कोणत्याही फोनवरून काहीही लिहिता येऊ नये. तिथे फक्त सर्व्हर लिहील.

निकाल लावणारं फंक्शन कधीकधी दोनदा चालतं. दोनदा गुण कापले गेले की लोकांचा विश्वास उडतो. उपाय असा: निकालाच्या दस्तऐवजाचं नाव गट, सदस्य आणि आठवडा जोडून तयार करा, म्हणजे एका आठवड्याला एकच निकाल असू शकतो. तो आधीच असेल तर फंक्शनने काही न करता परतायचं, आणि ही तपासणी व लेखन एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) व्हायला हवं. फंक्शनच्या वेळापत्रकात ‘आशिया/कोलकाता’ (Asia/Kolkata) हा भारतीय टाइमझोन नेहमी स्पष्ट लिहा.

सूचना

दिवसाला एकच. माणूस साधारण ज्या वेळी व्यायाम करतो त्याच्या अर्धा तास आधी. ‘तुमचे ध्येय अपूर्ण आहे’ असं सरकारी मराठी नको. ‘काकू, तीन दिवस झाले, दोन बाकी. आज जमेल का?’ असं लिहा. वयाप्रमाणे अहो-जाहो आणि अरे-तुरे वेगळं ठेवा, नोंदणीत हाक कशी मारायची ते विचारून घ्या. दोन दिवस कोणाची काहीच नोंद नसेल तर त्याला अजून एक सूचना पाठवण्याऐवजी त्याच्या साक्षीदाराला कळवा: ‘दादाची दोन दिवस खबर नाही, एक फोन करता?’

अँड्रॉइड 13 पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. ती ॲप उघडल्या उघडल्या मागू नका, पहिला करार झाल्यावर मागा, तेव्हा तिचं कारण माणसाला पटतं. बरेच फोन बॅटरी वाचवायला पार्श्वभूमीतली ॲप्स बंद करतात, म्हणून डेटा वाचण्याचं काम ॲप उघडतानाच करा.

लोकांची माहिती

हृदयाचे ठोके, चालण्याचा मार्ग, वजन यातलं काहीही सर्व्हरवर नेऊ नका. चालण्याच्या मार्गावरून घर कुठे आहे ते कळतं. फोनवरच हिशोब करून ‘आज 32 मिनिटं, घड्याळावरून’ एवढीच ओळ वर पाठवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 प्रमाणे माहिती घेण्याआधी स्पष्ट सूचना आणि संमती लागते, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय द्यावी लागते. बडोद्यातल्या गटासाठी मराठी आणि गुजराती दोन्ही सुरुवातीपासून ठेवा, अनेक घरांत सासूची एक भाषा आणि सुनेची दुसरी असते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्या वागण्याचा माग ठेवायला मनाई आहे. पहिली आवृत्ती फक्त प्रौढांसाठी ठेवा.

प्ले स्टोअर

खात्याची नोंदणी एकदाच 25 डॉलर. ॲपलला दरवर्षी 99 डॉलर, म्हणून आधी अँड्रॉइड. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस बंद चाचणी (क्लोज्ड टेस्टिंग) करून घ्यावी लागते. तुमचे दोन गट म्हणजेच हे बारा जण, दोन आठवड्यांत दोन पूर्ण निकाल लागतात आणि चाचणीही खरी होते. आरोग्य ॲपची घोषणा, डेटा सुरक्षेचा फॉर्म, गोपनीयता धोरणाचं पान आणि खातं पुसण्याची सोय तयार ठेवा. स्टोअरवरच्या वर्णनात ‘पैसे जिंका’, ‘सट्टा’, ‘बेट’ असं काही लिहू नका, चित्रांत नाण्यांच्या राशी दाखवू नका. वर्णन आणि अटी प्रसिद्ध करण्यापूर्वी एकदा वकिलाच्या नजरेखालून घाला.

पहिल्या तीन महिन्यांत काय पाहायचं

डाउनलोडचे आकडे पाहू नका. चौथा आठवडा संपल्यावर किती गटांनी कोणी न सांगता पाचव्या आठवड्याचा करार केला, हे पाहा. शिवाय हरलेला माणूस पुढच्या आठवड्यात परत येतो का, तेही. हरलेले निघून जात असतील तर कामांची यादी जड आहे किंवा ध्येयं फार उंच आहेत. अशा माणसाला ॲपने स्वतःहून एक दिवस कमी करून नवा करार सुचवावा: ‘पाचऐवजी चार दिवस घेऊया का?’ साक्षीदाराच्या ‘जरा सांग ना’ बटणाकडेही लक्ष असू द्या. एकाच गटात ते वारंवार दाबलं जात असेल तर त्या गटाला भेटा, शक्यतो प्रत्यक्ष. त्यांच्याकडून कळणारा नियम तुमच्या नियमावलीत अजून नसेल.

खर्च भागवायचा असेल तर गटामागे वर्षाची एक ठरावीक वर्गणी घ्या आणि हरण्या-जिंकण्याशी तिचा संबंध जोडू नका. वर्गणीतून बक्षीस द्यायची कल्पना कोणी ना कोणी मांडेलच. तिला नाही म्हणा, कारण त्या क्षणी तुमचं ॲप सुरुवातीला सांगितलेल्या कायद्याच्या कक्षेत जाऊ शकतं.